हरणीचे माघस्नान

आमच्या घरात कुत्र्याला स्थान होते, स्पर्श नव्हता. दुपारी वैश्वदेव आटोपला की बाबा पळसाच्या पानावर भाताचे मुटके घेऊन अंगणाच्या कडेला येत, एक गाईसाठी, एक कावळ्यासाठी आणि एक कुत्र्यासाठी असे वेगवेगळे भाग जमिनीवर ठेवीत, हात जोडीत आणि मागे वळून न पाहता आत जात. मग आमची पाने वाढली जात. घाटाखाली राहणाऱ्या सायत्राबाईचा लाल्या नावाचा गावठी कुत्रा त्या वेळेस भिंतीपाशी येऊन बसलेला असे. पूजेची घंटा वाजली की तो घाटाकडून निघे आणि बाबांची पाठ फिरेपर्यंत अन्नाला तोंड लावीत नसे. बाबांनी त्याला कधी हात लावला नाही, आणि त्याला न देता ते कधी जेवलेही नाहीत. या दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या ठायी इतक्या शांतपणे नांदत होत्या की त्यात काही विसंगती आहे, असे मला लहानपणी कधी वाटले नाही.

आम्ही पवनीला राहत होतो. आमच्या दारापासून उतरत जाणारी गल्ली वैनगंगेच्या घाटावर संपे. पुढच्या ओसरीवर बाबांची लहानशी संस्कृत पाठशाळा भरे. सात-आठ विद्यार्थी आणि त्यांच्याच पंक्तीला, त्याच चटईवर, मी. एकुलती एक मुलगी म्हणून नव्हे, तर 'शिकणाऱ्याला शिकवावे' या साध्या नियमाने बाबांनी मला बसवून घेतले होते. हिवाळ्यात आमचा पाठ उन्हाच्या मागे मागे सरकत जाई. सकाळी ओसरीच्या पूर्वेच्या कोपऱ्यात सुरू झालेली रूपे दुपारी पायरीवर येऊन संपत. मुखातून श्लोकाबरोबर वाफ बाहेर पडे आणि कोणाची वाफ अधिक लांब जाते, यावर मुलांची चोरटी स्पर्धा चाले. आत आई पोपटाच्या, म्हणजे वालाच्या, शेंगा सोलीत बसलेली असे. त्या शेंगांची भाजी, नव्या तांदळाचा मऊ भात आणि त्यावर जवसाची चटणी. पुढे मी अनेक गावांची अन्ने खाल्ली, परंतु थंडी म्हटले की माझ्या जिभेवर आजही तीच चव येते.

त्या वर्षी आमच्या पडवीलगतच्या खोलीत एक भाडेकरू राहायला आले. गुरांच्या सरकारी दवाखान्यात त्यांची नेमणूक झाली होती. मी त्यांना डॉक्टरकाका म्हणे. गावाने मात्र 'ढोर डाक्टर' असे सरळ नाव ठेवले होते आणि त्यांनाही त्याचे काही वाटत नसे. मूळचे लातूरकडचे, वयाने चाळिशीच्या आसपास, पत्नी दोन वर्षांपूर्वी वारलेली. संसार म्हणून त्यांच्यासोबत एक ट्रंक, एक स्टोव्ह आणि दोन कुत्री होती.

त्यांतला भोट्या हा डोंगरी मुलखातला. काळाभोर, अंगावर हातभर केस, मानेभोवती आयाळ. दुसरी हरणी. ती कारवानी जातीची, मातकट रंगाची, लांब तोंडाची आणि इतकी सडपातळ की तिच्या बरगड्या दुरून मोजता याव्यात. पहिल्यांदा तिला पाहून आईने मला बाजूला घेऊन विचारले होते, "हे खाऊ घालत नाहीत का वं तिले?" आई माझ्याशी बोलताना गावच्या बोलीत शिरली की ती खरोखर कळवळली आहे, असे समजावे.

डॉक्टरकाकांनी मला त्या दोघांचा भेद पहिल्याच आठवड्यात समजावून दिला. त्यांनी माझा हात धरून भोट्याच्या आयाळीत खोल घातला. "वरचे केस राठ आहेत ना? आता आत बघ. आत कापसासारखी दुसरी लव आहे. त्याच्या अंगावर दोन पांघरुणं आहेत, बाळ. तो थंडीला भीत नाही, उन्हाळ्याला भितो." मग त्यांनी हरणीच्या पाठीवरून बोट फिरवले. "हिला एकच पांघरूण, तेही मलमलीचं. कातड्याखाली चरबी नाही. ही पळण्यासाठी जन्मली आहे, थंडीत बसून राहण्यासाठी नाही." लाल्या जवळच भिंतीला टेकून होता. त्याच्याकडे पाहून ते हसले. "आणि हा तुमच्या गावचा. ह्याला कोणी काही शिकवायला नको."

खरोखरच लाल्याला शिकवावे लागत नसे. थंडी पडली की तो कोणाच्या तरी विझलेल्या शेकोटीच्या राखेत खड्डा करी, त्यात गोल वेटोळे घाली आणि शेपटीखाली नाक दडवून पहाटेपर्यंत हलत नसे. भोट्या उघड्या अंगणात आडवा पडे; सकाळी त्याच्या पाठीवर दव मोत्यांसारखे साचलेले असे आणि त्याला त्याची वार्ताही नसे. हरणी मात्र पडवीत पोत्यावर रात्रभर जागा बदलत राही. मी उठले की ती माझ्याकडे पाही. त्या दृष्टीत मागणी नव्हती, आणि म्हणूनच ती मला सहन होत नसे.

मी हे लिहीत आहे तेव्हा माझ्या पायाशी माझ्या नातीचा पग लाल स्वेटर घालून घोरत पडला आहे. आमच्या भंडाऱ्यातल्या या गल्लीत पलीकडच्या बंगल्यात निळ्या डोळ्यांचा एक हस्की आहे. मे महिन्यात त्याच्यासाठी दिवसभर एसी चालतो आणि पौषात तो गच्चीवर आनंदाने पालथा पडलेला दिसतो. नात मला जातींची नावे आणि त्यांचे गुण मोबाइलमध्ये पाहून सांगते. मी ऐकते. तिला वाटते, आजीला हे नवे आहे.

पौष पौर्णिमेच्या तोंडावर डॉक्टरकाका पुतणीच्या लग्नाच्या तयारीसाठी पंधरा दिवस गावी निघाले. जाताना त्यांनी मला पडवीत बोलावले. भोट्याबद्दल दोन वाक्ये सांगितली आणि हरणीबद्दल पुष्कळ: संध्याकाळी भाकरी दुधात कुस्करून द्यावी, रात्री कोरडे पोते अंथरावे, वाऱ्याची बाजू झाकावी. मग म्हणाले, "ही तिच्या माहेरची आहे, बाळ. तुझ्या काकूंनी पदराखाली घालून आणली होती. एवढीशी होती." मी म्हटले, "काका, मी सांभाळीन." तेरा वर्षांच्या मुलीने दिलेला तो शब्द होता आणि तो मी देवासमोर द्यावा तसा दिला होता.

त्याच वर्षी आईने माझ्यावर आणखी एक जबाबदारी सोपवली. ती दरवर्षी पौष पौर्णिमेपासून माघ पौर्णिमेपर्यंत रोज सूर्योदयापूर्वी नदीवर माघस्नान करी. यंदा तिचे गुडघे घाट उतरू देईनात. "घरातला नेम मोडायला नको. तू कर," असे ती म्हणाली, आणि मला एकदम मोठे झाल्यासारखे वाटले. एकही दिवस न चुकता महिना पुरा करायचा, असा मी मनोमन संकल्प केला.

चौथ्या दिवशी थंडी अकस्मात वाढली. सायंकाळीच पाण्याच्या घंगाळाला हात लाववत नव्हता. हरणी उभ्या उभ्या थरथरत होती. मी आईला विचारले, "आई, हरणीला स्वयंपाकघराच्या ओसरीवर झोपवू का? चुलीची ऊब लागेल तिला."

आई लाकडे आत घेत होती. ती वर न पाहता म्हणाली, "त्या ओसरीवर आंघोळीशिवाय माणूससुद्धा चढत नाही आपल्या घरी. अन् तू कुत्री चढवतेस?"

ते नकाराचे वाक्य होते. मला मात्र त्यात मार्ग दिसला. आंघोळीशिवाय माणूस चढत नाही, म्हणजे आंघोळीने अडसर दूर होतो. आणि माघातल्या नदीस्नानाहून श्रेष्ठ आंघोळ कोणती? वर्षभर ओसरीवर बसून मी अधिकाराच्या आणि शुद्धीच्या चर्चा ऐकत होते, त्यांचेच हे फळ. थंडीत कुत्रीला नदीत बुडवू नये, हे सांगण्याचे डॉक्टरकाकांना सुचले नव्हते. जगातल्या कोणत्याही सुज्ञ माणसाला ते सुचले नसते.

पाचव्या दिवशी मी दोघांना घेऊन घाट उतरले. पाण्यावर धुके इतके दाट होते की सायत्राबाईचा डोंगा दिसत नव्हता, त्यातले पाणी उपसण्याचा आवाज तेवढा येत होता. सायत्राबाई घाटाखालच्या ढिवर वस्तीतली. तिचा नवरा लोकांना पलीकडे पोचवी आणि ती आम्हाला उपासाचे शिंगाडे आणून देई. भोट्या आपण होऊन पाण्यात गेला, छातीभर भिजला, बाहेर येऊन अंग झाडले आणि मोकळा झाला. हरणी पायरीवर थांबली. मी तिला उचलले. ती किती हलकी होती! माझ्या मानेवर तिने तोंड ठेवले. आधी तिचे स्नान, मग माझे, असे ठरवून मी दोन पायऱ्या उतरले, सात नद्यांची नावे घेतली आणि तिला मानेपर्यंत तीनदा बुडवले. तिने विरोध केला नाही.

पायरीवर ठेवली तेव्हा ती उभी राहू शकेना. आधी सर्वांग जोराने कापू लागले. मी पदराने पुसत होते, पुसत होते; आणि मग ते कापणे हळूहळू थांबले. मला वाटले, बरे वाटत आहे. मी तिला हाक मारली. तिने डोळे माझ्याकडे वळवले नाहीत.

"कोन वं तिकडं?" धुक्यातून आवाज आला आणि पाठोपाठ सायत्राबाई आली. एका दृष्टिक्षेपात तिला सारे कळले. "अवं माय! ह्या कुत्रीले काहून भिजवलं वं?"

"पवित्र करायला," मी म्हणाले.

"पवित्तर? मरून जाईन ना थे!" तिने हरणीच्या कानाला हात लावला. "बरफ झाली बाप्पा. इच्या आंगावर केस हायेत का? निरा कागदावानी कातडं. त्या केसाळ्याले बुडव, आमच्या लाल्याले बुडव. तुले हेच सापडली?" बोलता बोलताच तिने हरणीला आपल्या लुगड्यात गुंडाळून उचलले होते. "रडू नोको आता. पाय उचल. धाव."

घरी बाबा धाबळी नेसून संध्येला बसले होते. ती जाड, तपकिरी लोकरीची धाबळी त्यांच्या गुरूंनी काशी सोडताना त्यांच्या खांद्यावर घातली होती. पूजेच्या वेळी ती नेसायची आणि नंतर उंच दांडीवर ठेवायची. आम्ही मुलांनी तिला कधी हात लावला नव्हता. दुसरे सोवळ्याचे धोतर शेजारीच होते. बाबांनी आवाज ऐकून मान वर केली. माझ्या तोंडून कसेबसे सारे सांगून झाले. ते उठले, आत गेले, धोतर नेसून धाबळी हातात घेऊन बाहेर आले.

"श्वास आहे?"

"हाय महाराज. पन लई बारीक."

त्यांनी धाबळी ओसरीवर पसरली. आई दारातून जवळजवळ ओरडली, "अहो! सोवळ्यात आहात तुम्ही!"

"मग ती कुठे ओवळी आहे?" बाबा शांतपणे म्हणाले. "माघस्नान करून आली ना." आणि धाबळीकडे पाहून पुढे म्हणाले, "लोकर ओवळी होत नाही, हे इतकी वर्षं मी मुलांना शिकवून राहिलो. आता एकदा करून पाहू." असे म्हणून त्यांनी आयुष्यात प्रथमच एका कुत्रीला दोन्ही हातांनी उचलले, धाबळीत घेतले आणि लहान मूल पुसावे तशी तिची पाठ चोळू लागले.

मी चुलीतले निखारे आणायला धावले, तेव्हा सायत्राबाईने अडवले. "नोको वं. एकदम आग दाखवू नोको. हळूहळू तापवा लागते." तिने पडवीतले पोते पायाने बाजूला सारले. "हे काढ आधी. पोतं ओल धरते. तनीस आन." धानाचा वाळलेला पेंढा आमच्या गोठ्यात भरपूर होता. आम्ही दोघींनी तो गुडघाभर रचला आणि मधोमध टोपलीसारखा खड्डा केला. "आता ह्याच्यात हात घाल," ती म्हणाली. मी घातला. बाहेर बोटे बधिर होत होती, आत जणू कोणी नुकतेच उठून गेले होते. "काडीकाडीत हवा रायते. थे गरमी धरते. आमचे लेकरं ह्याच्यातच लहानाचे मोठे झाले."

हरणीला धाबळीसह तणसात ठेवले. भोट्या जवळ आला तेव्हा तो भिजलेला आहे म्हणून मी त्याला हाकलू लागले. पण हात आयाळीत गेला आणि थबकला. वरचे केस ओले होते, आतली लव कोरडी आणि ऊन लागत होती. पाणी तिथवर पोचलेच नव्हते. कोरड्या फडक्याने वरचे पाणी टिपून त्याला आत घेतले. तो हरणीच्या पाठीला पाठ लावून पडला. थोड्या वेळाने लाल्या आला, कोणाची आज्ञा न घेता त्याने तणस उकरले, वेटोळे घातले आणि तिच्या पोटाशी बसला. तीन जातींची तीन कुत्री एका घरट्यात आणि मध्ये काशीची धाबळी, असे ते दृश्य होते. मी पुढ्यात बसून होते. नामस्मरण करायला हवे होते. पण ओठांवर येत होते ते एवढेच, 'तिच्या माहेरची आहे'.

त्या दिवशी ओसरीवर पाठ झाला, पण मुले खालच्या स्वरात म्हणत होती. दुपारी वैश्वदेव झाला. बाबांनी गाईचा आणि कावळ्याचा भाग नेहमीच्या जागी ठेवला. कुत्र्याचा भाग घेऊन मात्र ते पडवीत आले आणि पान हरणीच्या तोंडासमोर ठेवले. लाल्याने एकदा पानाकडे पाहिले आणि तोंड पुन्हा शेपटीखाली घातले. हरणीने पापणी हलवली. मान उचलली नाही. बाबा खाली बसले.

"मुलांना वाढा," ते आईला म्हणाले. "मी थांबतो."

गृहस्थाने जेवण्यापूर्वी, गाय दोहायला लागतो तितका वेळ अतिथीची वाट पाहावी, असा नियम आहे. गाय दोहून झाली असती, तिचे वासरू पिऊन झाले असते, तरी बाबा उठले नाहीत. मुले जेवून गेली. ऊन पायरीवरून उतरून अंगणात गेले. आई दोनदा दारापर्यंत आली आणि परतली. बाबा जेवत नाहीत म्हणून तीही उपाशी होती आणि तुम्ही जेवा, असे तिने एकदाही म्हटले नाही.

तिसऱ्यांदा ती आली तेव्हा तिच्या हातात वाटी होती. कोमट पेज, तिच्यात गूळ आणि तूप. आई गुडघे धरत तणसाशी बसली. "काल मी बोलले म्हणून झालं हे," ती कोणालाही उद्देशून न म्हणता म्हणाली. मग तिने बोट पेजेत बुडवून हरणीच्या ओठाला लावले. "घे वं बाई. घे. चढ तुले कुठं चढायचं तिथं."

बराच वेळ काही झाले नाही. नंतर एक फिकट गुलाबी जीभ बाहेर आली आणि आईच्या बोटावरून फिरली. मग पुन्हा. मग हरणीने मान उचलली आणि तिचे अंग पुन्हा कापू लागले. मी घाबरले, पण दारात उभी असलेली सायत्राबाई हसली. "कापू दे. कापून राहिली म्हंजे जगून राहिली."

वाटी रिकामी झाली. बाबा उठले, हात धुतले आणि म्हणाले, "पानं घ्या." त्या दिवशी सूर्यास्ताला थोडा अवधी असताना आम्ही तिघे जेवलो. भात गार झाला होता. इतके गोड अन्न मी पुन्हा जेवले असेन, असे वाटत नाही.

दुसऱ्या दिवशी बाबा तीच धाबळी नेसून पूजेला बसले. आईने ती झटकली होती, तरी लोकरीत मातकट रंगाचे काही केस रुतून राहिले होते. अभिषेकाच्या वेळी ते मला स्पष्ट दिसत होते. आईलाही दिसत असावेत. ती गंध उगाळत राहिली.

डॉक्टरकाका परतले तेव्हा हरणी त्यांच्या अंगावर झेपावली, पण मी ते आनंदाचे क्षण संपण्याची वाट पाहिली नाही. सगळे सांगून टाकले. त्यांचा चेहरा उतरला. "नदीत?" ते म्हणाले, आणि पुन्हा, "नदीत?" त्यांनी तिच्या बरगड्यांना कान लावला, हिरड्या पाहिल्या. मग त्यांची नजर तणसाच्या घरट्याकडे गेली. वाकून त्यांनी मूठभर काड्या उचलल्या, आत हात घालून पाहिला.

"हे कोणी सांगितलं?"

"सायत्राबाईनं."

"मी इतकी वर्षं पोती टाकतोय," ते स्वतःशीच म्हणाले. मग माझ्या डोक्यावर हात ठेवला. "चूक माझीही आहे, बाळ. काय करावं ते सांगितलं, काय करू नये ते सांगितलं नाही." संध्याकाळी ते स्वतः घाटाखाली गेले. सायत्राबाईने नंतर आम्हाला सांगितले, "डाक्टर आला होता माह्याकडं शिकाले! म्या म्हनलं, बस बाप्पा. फी नाई लागत."

माघ पौर्णिमा आली. शेवटचे स्नान करून मी ओल्या केसांनी बाबांपुढे उभी राहिले. एक गोष्ट महिनाभर मी कोणाला सांगितली नव्हती. पाचव्या दिवशी हरणीला घेऊन मी धावत आले, ती पुन्हा घाटावर गेलेच नाही. माझे स्वतःचे स्नान राहून गेले होते. आईने सोपवलेला नेम माझ्या हातून मोडला होता.

बाबांनी ऐकून घेतले. पडवीतून हरणी आत आली होती आणि स्वयंपाकघराच्या ओसरीवर, जिथे आता तिला कोणी अडवत नसे, उन्हाच्या पट्ट्यात पाय पसरून पडली होती. बाबांनी तिच्याकडे पाहिले.

"मोडला नाही," ते म्हणाले. "त्या दिवशी या घरातून स्नान झालं आहे. फार कठीण स्नान झालं. फक्त ते तू केलं नाहीस."

त्यानंतर किती माघ आले आणि गेले. भंडाऱ्याला आल्यापासून घाट दूर झाला. आता बादलीतल्या पाण्यात नद्यांची नावे घेते. महिना चुकवीत नाही. परंतु पाचव्या दिवशी मी पहाटे स्नान करीत नाही. त्या दिवशी तुमसरकडून येणाऱ्या दूधवाल्याकडून तणसाचा एक भारा मागवून ठेवलेला असतो. तो उचलून फाटकाबाहेर नेते, भिंतीच्या आडोशाला पसरते आणि मधोमध टोपलीसारखा खड्डा करते. गल्लीतली गावठी कुत्री दूर उभी राहून पाहत असतात. मी पाठ फिरवली की येतात.